कंपनीच्या वेबसाइटवर ब्लॉग कशाला? कंटेंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवातून

कंटेंट रायटिंगमध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, की कंपनीच्या वेबसाइटवर ब्लॉग लिहून फायदा नक्की काय होतो, कारण इंटरव्ह्यूला हा प्रश्न येतोच आणि पुढे क्लायंट तर पहिल्याच मीटिंगला विचारतो. नेटवर शोधलं की ठरलेली उत्तरं मिळतात, ट्रॅफिक वाढतो, ब्रँड तयार होतो, विश्वास बसतो वगैरे. त्यात खोटं काही नाही, पण एवढंच सांगितलं तर क्लायंट मान डोलावतो आणि बजेट जाहिरातींकडे वळवतो.

मी छोट्या-मध्यम कंपन्यांसाठी हे काम बरीच वर्षं करतेय आणि माझ्या मते मुख्य फायदा एकच आहे, बाकीचे त्याच्या मागून येतात. गिऱ्हाईक विकत घ्यायच्या आधी जे प्रश्न विचारतं त्यांची उत्तरं तुमच्या साइटवर असतात. बस.

प्रॉडक्ट पेज कोणाला सापडतं? ज्याला काय घ्यायचं ते आधीच माहितीये त्याला. पण बहुतेक लोक त्या पायरीवर नसतातच. पाण्याचे पंप विकणारी कंपनी घ्या. तिच्या प्रॉडक्ट पेजवर हॉर्सपॉवर, हेड, डिस्चार्ज असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं, पण ज्याच्या घरी प्रॉब्लेम झालाय तो माणूस गूगलवर टाइप करतो "मोटर चालू होते पण पाणी चढत नाही". आता याचं उत्तर कंपनीतल्या सर्व्हिसवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, सक्शन लाइनमध्ये, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपात, हवा धरली असेल, फूटव्हॉल्व्ह, म्हणजे त्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप, गळत असेल म्हणून पंपातलं पाणी उतरत असेल, नाहीतर पाणी पंपाच्या फार खाली गेलं असेल, कारण वर बसवलेला साधा पंप सात-आठ मीटरच्या पुढून पाणी ओढूच शकत नाही, मग हॉर्सपॉवर कितीही वाढवा. शेवटचं कारण निघालं तर त्या माणसाला सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचा) किंवा जेट पंप बघावा लागणार, आणि ते ज्यांनी नीट समजावलं त्यांचंच पेज त्याच्या समोर उघडं असणार. विक्री इथे होते, "आमचीच क्वालिटी बेस्ट" लिहून नाही.

म्हणून नवीन लोकांना माझं पहिलं सांगणं, कीवर्ड टूल (लोक गूगलवर कोणते शब्द शोधतात ते दाखवणारं) नंतर उघडा, आधी सेल्स आणि सपोर्टवाल्यांशी बोला. शक्य असेल तर आलेले ईमेल वाचायला मागा, फोनवर लोक काय विचारतात ते विचारा, आणि प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहून ठेवा, कारण "प्रायमिंग" (पंपात आधी पाणी भरणं) हा शब्द कंपनी वापरते, गिऱ्हाईक "पाणी चढत नाही" म्हणतं. टूल वाईट नसतं, पण तेच टूल तुमच्या सगळ्या स्पर्धकांकडे पण आहे, सर्व्हिसवाल्याच्या डोक्यातलं मात्र त्यांना मिळत नाही.

अमेरिकेतल्या रिव्हर पूल्सचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं, तुम्हीही माहिती करून घ्या. फायबरग्लासचे स्विमिंग पूल बसवणारी कंपनी, 2008 च्या मंदीत अडचणीत आली, आणि मार्कस शेरिडन या भागीदाराने 2009 पासून गिऱ्हाइकांचे प्रश्न एकेक करून साइटवर लिहायला घेतले, अगदी "पूलला खर्च किती येतो" हासुद्धा. किमतीबद्दल बोलायला कंपन्या आजही घाबरतात. मी म्हणते नक्की आकडा नका देऊ, पण किंमत कशाने वाढते आणि कशाने कमी होते एवढं तरी सांगा.

दुसरा फायदा जो कोणी फारसा सांगत नाही, सेल्सवाल्यांचा वेळ वाचतो. तोच प्रश्न दहाव्यांदा आला की लिंक पाठवायची आणि मग फोनवर पुढचं बोलायचं. गूगलवरून एकही माणूस आला नाही तरी हा फायदा मिळतो, त्यामुळे क्लायंटला मी हा आधी सांगते.

आता मोजायचं कसं. गूगल सर्च कन्सोल शिका, तुमची साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच टूल, फुकट आहे आणि नवीन माणसाला यातून जेवढं समजतं तेवढं कुठल्या कोर्समधून समजत नाही. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये एक पेज निवडा आणि क्वेरी बघा, म्हणजे लोकांनी काय टाइप केल्यावर तुमचं पेज दिसलं. इम्प्रेशन (पेज सर्चमध्ये किती वेळा दिसलं) भरपूर, पोझिशनही (कितव्या नंबरवर दिसलं) चांगली, तरी क्लिक नाहीत? बहुतेक टायटल गंडलंय. लोक जे विचारतायत ते पोस्टमध्ये नाहीच? मग तो भाग वाढवा, नवीन पोस्ट लिहायची गरज नसते बरेचदा. डेटा फक्त 16 महिन्यांचाच राहतो, म्हणून मधूनमधून एक्सपोर्ट करून ठेवा. आणि ब्लॉगमधून प्रॉडक्ट पेजला लिंक द्या बाबांनो, इतकी साधी गोष्ट पण निम्म्या साइटवर वाचणारा येतो, वाचतो आणि जायला वाटच नसते म्हणून परत जातो.

"किती दिवसांत रिझल्ट?" हे विचारणारच. छातीठोक तारीख देऊ नका. गूगल स्वतःच सांगतं की साइटवर केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. क्लायंटला पुढच्याच आठवड्यात फोन वाजायला हवे असतील तर त्याला सरळ जाहिरात करायला सांगा, ब्लॉग ते काम करत नाही. जाहिरातीचे पैसे थांबले की येणारे लोकही थांबतात, चांगली पोस्ट मात्र अपडेट करत राहिलात तर पुढेही लोक आणत राहते, फरक एवढाच.

एआयचं पण बोलून टाकते. 2024 पासून गूगल काही सर्चना वरतीच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवतं, त्यामुळे "अमुक म्हणजे काय" टाइपच्या पोस्टवर क्लिक येतील याची खात्री उरलेली नाही, आणि खरं सांगायचं तर त्या पोस्ट आधीही कोणी मनापासून वाचत नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये गूगलने रँकिंगसाठी ढिगाने पाडलेल्या निकस कंटेंटविरुद्ध स्पॅमचा नियम आणला, माणसाने लिहिलेला असो की मशीनने. त्याआधी 2022 च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या क्वालिटीच्या गाइडलाइनमध्ये "अनुभव" हा मुद्दा वेगळा घातला गेला. म्हणजे सर्व्हिसवाल्याने काढलेला गळक्या फूटव्हॉल्व्हचा फोटो आणि त्याखालच्या चार ओळी यांना आता जास्त किंमत आहे.

पोर्टफोलिओसाठी क्लायंट मिळायची वाट बघत बसू नका. ओळखीतला कुठलाही धंदा घ्या, तिथे काम करणाऱ्याला गिऱ्हाईक रोज काय विचारतं ते विचारा, आणि त्यातल्या दोन-तीन प्रश्नांवर पूर्ण, नीट पोस्ट लिहा. इंटरव्ह्यूत "ब्लॉगचा फायदा काय" विचारलं की त्या पोस्ट पुढे करा आणि हा प्रश्न कोणी, कुठल्या शब्दांत विचारला होता ते सांगा.