पैसे भरून पुस्तक काढताय? आधी हे बघा

पुस्तक काढून देतो म्हणणाऱ्या कंपनीचं पॅकेज मीही घेतलं होतं, 300 प्रतींपैकी निम्म्या अजून सिडकोतल्या घरी दिवाणाखाली पडल्यात, वरच्या थराला बुरशी आलीय.

तर आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, तो भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो.

करार मात्र वाचा, म्हणजे खरंच वाचा, चहा घेऊन बसा. हक्क देताना मुदत लिहिलेलीच नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती 5 वर्षं धरतात, पण ‘कायमस्वरूपी’वर सही केली की बसा बोंबलत. ‘100 टक्के रॉयल्टी’ला मी पण भुललो, छपाई, कमिशन, कुरियर वजा जाऊन उरेल त्याचे ते 100 टक्के!

पैसे एकदम देऊ नका, प्रूफं तपासून झाली की पुढचा हप्ता, आणि कव्हरची ओपन फाइल, म्हणजे नंतर बदल करता येतील अशी मूळ फाइल, मागून घ्याच.

नुसतं छापायचंच असेल तर नाशकातल्याच दोन-तीन प्रेसमध्ये कोटेशन घ्या, नमुना प्रत पूर्ण उघडून पानं ओढून बघा, माझ्या पुस्तकाचं सोळावं पान पहिल्याच वाचकाच्या हातात आलं होतं.