अक्षरांआधी कान: मुलांना शब्दांतले आवाज ऐकायला शिकवताना

ज्युनिअर केजीतलं मूल ए टू झेड घडाघडा म्हणतं, क ख ग घ सुद्धा एका दमात म्हणतं. पण 'नाक' या शब्दात पहिला आवाज कोणता, असं विचारलं की एकतर गप्प बसतं नाहीतर 'नाक' असंच उत्तर देतं. त्याचं पाठ झालंय ते गाणं. फोनिक्ससाठी, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकण्यासाठी, लागतो तो शब्दातले आवाज सुटे ऐकणारा कान, आणि त्याला वही-पेन्सिल लागत नाही.

शाळा इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजी असली तरी सुरुवात घरच्या मराठीतून करा. शब्द ओळखीचे असले की मूल अर्थात अडकत नाही, नुसता आवाज ऐकतं. ही सवय मराठीत लागली की इंग्रजीतही कामाला येते. रोज दहा मिनिटं पुरेत. मूल कंटाळलं तर पाचातच थांबवा.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाबरोबर फक्त टाळ्या. भा-जी दोन, टो-मॅ-टो तीन, को-थिं-बीर तीन. कोथिंबिरीला चौथी टाळी देऊ नका, कारण शेवटचा 'र' आपण तोडून म्हणतो. टाळी बोलण्याप्रमाणे पडते, लिहिण्याप्रमाणे नाही. जोडीला गाडी, वाडी, साडी अशी यमकं. मुलाने त्यात 'टाडी' घुसवलं तर उत्तमच, म्हणजे यमक कानाला कळलंय.

चारच्या आसपास पहिला आवाज ओळखायला घ्या. याला मुंबईच्या लोकलसारखी जागा नाही. माटुंगा, माहीम, महालक्ष्मी, मालाड, मुलुंड, मानखुर्द: ओठ मिटून 'म्‌म्‌म्' करत नाव सुरू करा आणि मुलाला तुमच्या ओठांकडे बघू द्या. इथे घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, 'मुलुंड मु-चा, मालाड मा-चा.' लिहिताना ते खरं, पण कानाला दोन्हीकडे तोच म् ऐकू येतो आणि आत्ता तेवढंच हवंय. मग एक परकं नाव मध्ये टाका: भांडुप, भायखळा, दादर, भाईंदर. यात वेगळं कोण? दिवा आणि डोंबिवली एकत्र विचारलं तर द आणि ड यांचा फरक कळतोय का तेही तपासून होतं.

शेवटच्या आवाजासाठी गावांच्या भेंड्या आहेतच. दादरचा र, रे रोडचा ड, डोंबिवलीचा ल, लोअर परळ… आणि ळ वर गाडी अडते, कारण मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही. तिथे 'ळ आला की ल चालेल' असा नियम आधीच ठरवून घ्या, म्हणजे रडारड होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि चूक मोठ्यांचीच होते ती इथे. आपण 'क' म्हणतो तेव्हा त्यात अ मिसळलेला असतो. म्हणून 'कॅट' शिकवताना आपण 'क, ॲ, ट' म्हणतो आणि मूल इमानदारीत जोडून 'कअ‍ॅटअ' वाचतं. आवाज पाय मोडून म्हणायचा: क्, ट्, प्. क्, ट्, प् हे कुजबुजल्यासारखे झटकन तोडा. स्, म्, न्, ल् आणि इंग्रजी 'फॅन'मधला फ् हे लांबवता येतात, म्हणून आवाज जोडायला सुरुवात यांच्यापासून करा. 'स्‌स्‌स्-अ-न्‌न्' म्हणजे 'सन' हे मुलाला पटकन कळतं, 'ब्-ॲ-ट्' मधून 'बॅट' काढायला जास्त वेळ लागतो. मराठी वाचतानाही हेच. 'ब, द, क' अशी तिन्ही अक्षरं पूर्ण म्हटली तर बदक हाताला लागत नाही. शेवटचं अक्षर तोडून म्हणून दाखवा.

पाचव्या वर्षाच्या आगेमागे शब्दाची पूर्ण फोड. फरशीवर खडूने एका ओळीत तीन चौकोन आखा, शेजारी कॅरमच्या तीन सोंगट्या ठेवा. (रांगतं भावंड असेल तर शेंगदाणे, चणे नकोत, ते थेट तोंडात जातात.) तुम्ही 'नाक' म्हणा. मुलाने न् म्हणत पहिल्या घरात सोंगटी सरकवायची, आ म्हणत दुसऱ्या, क् म्हणत तिसऱ्या. मग चौकोनांखालून बोट फिरवत शब्द पुन्हा सलग म्हणायचा. दोन-तीन दिवस कान, पाय, जीभ, सूप असे दीर्घ स्वराचे शब्द घ्या, तो स्वर सहज ऐकू येतो. मग बस आणि कप. इथे मोठी माणसंही दोनच सोंगट्या ठेवतात, कारण डोळ्यांपुढे ब आणि स ही दोन अक्षरं येतात. मधला अ ऐका: ब्, अ, स्. चौथा चौकोन काढला की 'मासा' बसतो. 'फिश'ला मात्र तीनच लागतात, इंग्रजीत लिहिताना अक्षरं चार असली तरी.

पहिला आवाज आणि फोड जमू लागली की अक्षरं. इंग्रजीत लहान लिपीतली एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा आधी घ्या, अक्षराचं नाव नव्हे, आवाज. एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, नॅप, सिप वाचता येतात. मराठीत पाटीवर ग म भ न पासून सुरुवात करायची जुनी रीत सोयीचीच आहे, लगेच मन, नग, नभ, गगन होतात आणि काना आला की नाग, मान, मामा. फक्त म आणि भ एकाच दिवशी नकोत. घ आणि ध, इंग्रजीतले लहान बी आणि डी यांच्यातही आठवड्या-दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. चाक आणि चिमणी, जहाज आणि जीभ एका ढिगात घालू नका. अक्षर एक, पण आवाज दोन आहेत आणि तल्लख कानाचं मूल तिथे गोंधळतं.

इंग्रजीतले तीन-चार आवाज आपल्याकडे नाहीत, ते आरशासमोर शिकवा. 'फॅन'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. 'व्हॅन'ला दात ओठावर आणि गळ्यात गुणगुण, 'वॉल'ला ओठांचा गोल. 'झू'चा आवाज माशी घोंगावल्यासारखा लांबवता येतो, 'झाड'चा झ येत नाही. 'पेन' आणि 'पॅन' यांत जबडा किती उघडतो ते हनुवटीला हात लावून बघायला सांगा.

चित्र बघून शब्द ठोकून देण्याची सवय लागली असेल तर चित्र झाका, नुसता शब्द दाखवा. 'सिप, टिप' यांच्यात 'नॅस'सारखा निरर्थक शब्द मिसळला की मूल वाचतंय की आठवतंय ते लगेच दिसतं. चुकलं तर 'नाही' म्हणून पुढे जाऊ नका, आवाज तोडून तुम्ही म्हणा आणि जोडायचं काम त्यालाच द्या.

दोन-तीन महिने नेमाने खेळूनही पहिला आवाज कळत नसेल, किंवा मूल सारखं 'काय?' विचारत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर शिकवणी वाढवण्याआधी कान तपासा. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात द्रव साठून ऐकू कमी येऊ शकतं, आणि तेव्हा स्, फ्, थ् सारखे बारीक आवाज सहज निसटतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या कान-नाक-घसा विभागातही तपासणी होते.