उंच आणि भरदार माणसानं मासेमारीची कयाक घेताना या चुका टाळा

गिरणा धरणाच्या फुगवट्यात मित्राची कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद छोटी होडी, घेऊन पहिल्यांदा उतरलो, तेव्हा काठावर जाळं सोडवत बसलेले एक भोई आजोबा ओरडले, "भाऊ, तुन्ही नाव मांगथून बुडी ऱ्हायनी!" मागं वळून पाहिलं तर खरंच शेपटाकडची कड पाण्याला टेकलेली, पुढचं टोक आभाळाकडं, आणि बसायच्या जागी, आलेलं पाणी निथळायला ठेवलेल्या तळाच्या भोकांतून, उलट पाणी वर येऊन माझी चड्डी भिजलेली. कयाक फुटलेली नव्हती. ती फक्त माझ्यासाठी नव्हती.

माझी उंची सहा फूट तीन इंच, वजन ११२ किलो. आमच्याकडे अशा माणसाला लग्नात वाढपी दुसऱ्यांदा विचारत नाही, सरळ वाढतो. कयाकवाले मात्र विचारतच नाहीत, आणि आपणही सांगत नाही. तिथूनच घोळ सुरू होतो.

आकडा पौंडात असतो

त्या कयाकच्या आत स्टिकर होतं, क्षमता ३००. मी मनातल्या मनात किलो धरले आणि निर्धास्त झालो. ते पौंड होते, म्हणजे १३६ किलो. बऱ्याच परदेशी बनावटीच्या कयाकवर आकडा पौंडातच असतो, तेव्हा आधी २.२ ने भागा.

पुढची चूक याहून मोठी. स्टिकरवरचा आकडा हा आरामात फिरण्याचा आकडा नसतो, बहुतेकदा कयाक पाण्यावर कशीबशी टिकेल त्या मर्यादेचा असतो. आणि तो मोजायची सगळ्या कंपन्यांची रीतही एक नाही. वापरणारे लोक साधारण त्याच्या ६५ ते ७० टक्क्यांवर थांबतात. १३६ चे ७० टक्के म्हणजे ९५ किलो. म्हणजे मी नुसता, रिकाम्या हातानं बसलो असतो तरी जास्तच झालो असतो.

मग मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. ओळखीच्या कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर सगळं सामान घेऊन उभा राहिलो. पाच लिटर पाणी, फिश फाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) बॅटरी, नांगर आणि दोर, दोन रॉड, गळ-आमिषाचा डबा, लाईफ जॅकेट, बूट, जेवणाचा डबा. काटा १२९ वर थांबला. हमाल म्हणाला, "गाठोडं बांधू का?" १२९ ला ०.७ ने भागलं की १८४ किलो येतात, म्हणजे सुमारे ४०५ पौंड. माझ्यासाठी स्टिकरवर निदान सव्वाचारशे पौंड हवेत. मासे मिळाले तर त्यांचंही वजन असतं, हे मी गृहीतच धरलं नव्हतं. त्या दिवशी तशी वेळही आली नाही.

उंची आणि वजन ही दोन वेगळी दुखणी आहेत

माझा मावसभाऊ माझ्याहून इंचभर उंच, पण वजन ७८ किलो. त्याला तीच ३०० पौंडवाली कयाक वजनाच्या हिशेबात चालली, पण अर्ध्या तासात पायाला मुंग्या आल्या म्हणून तो परत आला. क्षमतेच्या आकड्यात पायाची लांबी कुठंच नसते. आणि "बिग मॅन" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कयाक रुंद असतात, पण पाय ठेवायची खाच आखूडच असते.

घरीच मोजून घ्या. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसा, पाय पुढं सोडा, गुडघे किंचित वाकवा, आणि भिंतीपासून तळव्यापर्यंत टेप धरा. माझं ४४ इंच भरलं. कयाकच्या पाठीपासून पाय टेकवायच्या पट्टीच्या शेवटच्या खाचेपर्यंत निदान एवढं अंतर मिळायला हवं, वर बुटाचं वेगळं. अकरा-बारा नंबरचा बूट घालणाऱ्यांनी पायखाचेची रुंदीही पाहावी, कारण अनेक कयाकमध्ये तो बूट सरळ बसतच नाही, तिरका ठेवावा लागतो आणि गुडघा दुखतो.

पायानं चालवायची, पेडलची कयाक घेणार असाल तर हे मोजमाप दुप्पट महत्त्वाचं. सीट मागं सरकत नसेल तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा छातीकडं येतो. शिवाय उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपल्या धरणांच्या फुगवट्यात गाळ, शेवाळ आणि बुडालेल्या बाभळीचे खुंट वर येतात. पेडलच्या पात्यांना खाली मोकळं पाणी लागतं. तिथं वल्हंच बरं, निदान सोबत तरी असू द्या.

उंच खुर्चीची हौस

खुर्चीसारखी उंच सीट उंच माणसाला स्वर्गासारखी वाटते. मांड्यांना आधार मिळतो, पाठ सरळ राहते, मासाही लांबून दिसतो. पण उंच माणसाचं बरंचसं वजन आधीच कमरेच्या वर असतं, त्यात सीटनं आणखी काही इंच उचललं की कयाक डोलायला लागते. म्हणून सीट खाली-वर होणारी घ्या आणि पहिले काही दिवस खालच्याच जागी बसा.

रुंदीचंही तसंच. २८-३० इंचांची कयाक झरझर जाते, पण आपल्यासारख्यांना मासा ओढताना ती घाबरवते. ३३ ते ३६ इंच हा मला पटलेला पट्टा. मात्र रुंद कयाक आखूड असेल तर ती परातीसारखी चालते, वल्हं मारलं की नाक उजवीकडं, पुन्हा मारलं की डावीकडं. बारा फुटांहून आखूड घेऊ नका.

वल्ह्याचं सगळे विसरतात. कयाकबरोबर बहुतेकदा २२० किंवा २३० सेंटिमीटरचं येतं. रुंद कयाक आणि उंच सीट असेल तर ते पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, प्रत्येक वेळी वाकावं लागतं आणि बोटं काठावर घासतात. मी २५० चं घेतलं, उंच सीटवर २६० सुद्धा चाललं असतं.

जॅकेट वजनावरून नाही, छातीवरून

"साहेब, तुमचं वजन जास्त, तुम्हाला जास्त तरंगणारं जॅकेट लागेल," असं मला एका दुकानदारानं सांगितलं. हे तितकंसं खरं नाही. चरबी पाण्यावर तरंगते, त्यामुळे जाड माणसाला तरंगवायला बारीक पण पिळदार माणसापेक्षा कमी जोर लागू शकतो. अडचण असते ती मापाची. छातीचा घेर टेपनं मोजा, पट्टे आवळा, आणि कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही.

आणि एकदा छातीभर पाण्यात, सोबत माणूस असताना, मुद्दाम उलटून पाहा. ३५ इंच रुंद कयाकवर पाण्यातून चढणं जड माणसाला सोपं नसतं. पाय मागं झाडत शरीर आडवं करायचं, पोट काठावर ओढायचं, मग वळायचं. मला चौथ्या वेळी जमलं. दोराची रिकिबीसारखी कडी काठाला बांधून ठेवली की पाय टेकवायला होते.

घेऊन बसलात, आता काय?

मागची बाजू पाण्यात दबत असेल तर आधी सामान पुढं हलवा. आपण जड असतो तरी बॅटरी आणि पाण्याचा कॅन हमखास सीटच्या मागंच ठेवतो. तळाच्या भोकांतून पाणी येत असेल तर रबरी बुचं मिळतात, शांत पाण्यात ती चालतात. पण बुचं लावूनही कड पाण्यालगत राहत असेल तर ती कयाक विका. बुचांनी क्षमता वाढत नाही, उलट वरून आत आलेलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते. मांड्या बधिर होत असतील तर सीटच्या पुढच्या भागाखाली फोमची उतरती गादी घाला. डोलत असेल तर दोन्ही बाजूंना लावायचे तरंगते हात मिळतात. दिसायला पांगुळगाड्यासारखे दिसतात, पण लाजायचं कारण नाही.

हवा भरायच्या कयाकचं आपल्याकडं एक खास दुखणं आहे. पहाटे टणक फुगवलेली कयाक मे महिन्यात दुपारी काठावर ठेवली आणि पारा ४४-४५ वर असला की आतली हवा प्रसरण पावून शिवण उसवू शकते. पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडा. जड माणसानं साध्या फुगवट तळाची घेऊ नये, मधोमध खोलगट होऊन ती केळीच्या सालासारखी दुमडते. ड्रॉप-स्टिच तळाची, म्हणजे आतून दोऱ्यांनी वरचा-खालचा थर जोडलेली, फळीसारखी ताठ राहते. कडक प्लास्टिकचीही मस्ती नको. उन्हात गाडीच्या टपावर पट्टे आवळून ठेवलीत तर ती मऊ पडते आणि तळाला खड्डा पडतो.

धरणात उतरण्याआधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा. बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका त्यांच्याकडं असतो, आणि खुंट कुठं आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

शेवटचं, ओझ्याचं. मोठ्या माणसाची कयाक स्वतःच ३५-४० किलोची असते. मे अखेरीस पाणी पार आत गेलेलं असतं आणि मध्ये भेगाळलेला गाळ, वरून कोरडा, खाली लोण्यासारखा. माझ्या ट्रॉलीची अरुंद चाकं त्यात आसापर्यंत रुतली. भोई आजोबांनी नातवाला पाठवलं, तेव्हा कुठं ती बाहेर निघाली. आता रुंद, फुगीर चाकांची ट्रॉली घेतलीय.