लाँग कोविड (कोविडनंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारा त्रास): मिठाच्या पाण्याने नाक धुताना

१ लिटर पाणी मिनिटभर खळखळून उकळा, कोमट होऊ द्या. नळाचं पाणी नुसतं गाळून चालत नाही. न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. उकळून कोमट झालेल्या पाण्यात ९ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, काट्यावर मोजून. चमच्याचा अंदाज फसतो: कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत नेतीपात्र (नाकात पाणी सोडायचं चोचीचं भांडं) वापरा. नंतर जोरात शिंकरू नका, कानाला दडा बसतो.

नाक मोकळं होतं, एवढंच. थकव्यावर उपाय नाही. मिठाच्या खोलीतल्या (जिथे हवेत मिठाची बारीक पूड सोडतात) महागड्या सत्रांचाही लाँग कोविडला फायदा सिद्ध झालेला नाही; दमेकऱ्यांना तर तिथे धाप लागू शकते. थकव्यासाठी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाची फेरी दमायच्या आधीच थांबवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंथरूण धराल.