आडतीच्या हिशोबाचा डेटाबेस: की कशाची करायची?

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचा हिशोब एक्सेलमधून डेटाबेसमध्ये नेताना एकच लांबलचक टेबल करू नका. पाच करा: गाव, शेतकरी, माल, पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी विक्रीच्या हिशोबाची पावती) आणि पट्टीच्या ओळी. एकाच पट्टीवर तूरही येते, सोयाबीनही. शिवाय सोयाबीनचे दोन ढीग दोन भावांनी जातात. म्हणून ओळींचं टेबल वेगळं. भाव रोज हलतो, तो मालाच्या टेबलात नको, ओळीतच लिहा. नाहीतर आजचा भाव बदलला की मागच्या पट्ट्याही बदलतील.

आता प्रायमरी की, म्हणजे टेबलातली प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण. जी गोष्ट बाहेरचं कुणी बदलू शकतं, ती की करू नका. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. जिल्ह्याचं नाव की असेल तर ते जिथं जिथं गेलं, तिथं तिथं बदलावं लागतं. मोबाइल नंबर बदलतो, शिवाय बापलेकांचा एकच असतो. आधार क्रमांक तर नकोच, कारण की प्रत्येक टेबलात आणि रिपोर्टात फिरते. प्रत्येक टेबलाला आपोआप वाढणारा, अर्थ नसलेला आयडी द्या.

पण एवढ्यावर थांबलं की घोळ होतो. नुसत्या आयडीमुळं एकच शेतकरी दोनदा चढतो: उचल एका खात्यावर, पट्टी दुसऱ्या. त्यासाठी खरी ओळख युनिक करा, म्हणजे तीच ओळख दुसऱ्यांदा चढणार नाही. पिंपळगावं बरीच आहेत, म्हणून गावाला जनगणनेचा गावकोड. पट्टीबुक 1 एप्रिलला पुन्हा 1 पासून सुरू होत असेल, तर आर्थिक वर्ष आणि पट्टी क्रमांक मिळून युनिक. शेतकऱ्याची अशी पक्की खूण नसते. नाव, वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तर नोंद अडवू नका, स्क्रीनवर विचारा.

फॉरेन की म्हणजे एका टेबलात ठेवलेला दुसऱ्या टेबलाचा आयडी, जसा पट्टीत शेतकऱ्याचा. तिला डिलीट रिस्ट्रिक्ट लावा. पट्ट्या असलेला शेतकरी पुसताच येऊ नये. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) आपोआप बनत नाही, तो स्वतः करा.

वजन आणि रक्कम फ्लोटमध्ये नको, त्यात अपूर्णांक अंदाजे साठतो; नेमका आकडा ठेवणारा डेसिमल घ्या. क्विंटलला तीन दशांश ठेवले तर 100 ग्रॅमपर्यंतचा काटा बसतो.

जुना डेटा आणल्यावर आधी शेतकरी न सापडणाऱ्या पट्ट्या शोधून दुरुस्त करा, मगच फॉरेन की लावा. नाहीतर ती लागणारच नाही.