आमच्या भाषेच्या डॉक्ससाठी मार्कडाउन की रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट?

बिलिंगचे नियम लिहायला आम्ही ऑफिसात पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आतच चालणारी एक छोटी भाषा बनवली आहे. तिचे डॉक्स, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणारी पानं, साध्या मार्कडाउनमध्ये (सोप्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) होते. फंक्शनचं नाव बदललं तरी पानांवर जुनंच नाव राहायचं. नवीन आलेला माणूस ते उदाहरण जसंच्या तसं उचलायचा आणि अडकून बसायचा. हे मला फार लागायचं.

पायथनचे स्वतःचे डॉक्स आधी लॅटेक या टाइपसेटिंगच्या पद्धतीत होते; २००८ साली, २.६ आवृत्तीपासून, ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट (मार्कडाउनसारखीच खुणांनी लिहायची पद्धत) आणि स्फिंक्सवर (त्या मजकुरातून डॉक्सची पानं तयार करणारं टूल) आले. स्फिंक्समध्ये फंक्शनचा उल्लेख 'फंक' रोलने (हे फंक्शनचं नाव आहे असं सांगणाऱ्या खुणेने) केला की त्याची लिंक तयार होते. बिल्डला, म्हणजे पानं तयार करायच्या कमांडला, लहान अक्षरातलं '-एन' दिलं तर न सापडलेल्या नावाची वॉर्निंग येते, आणि जोडीला मोठ्या अक्षरातलं '-डब्ल्यू' दिलं की त्याच वॉर्निंगचा एरर होऊन बिल्ड फेल होतं. मला हवं होतं ते हेच.

अडचण रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये लिहिणाऱ्यांची होती. लिंकमागचा अंडरस्कोर, कोडआधी दोन कोलन, मग रिकामी ओळ, हे टीमच्या हातात बसेना. लोकांनी लिहिणंच सोडलं तर उत्तम फॉरमॅट घेऊन करायचं काय? म्हणून स्फिंक्सला मार्कडाउन वाचता यावं यासाठी मिस्ट पार्सर जोडला. पानं मार्कडाउनमध्येच राहिली, रोल मात्र स्फिंक्सचे मिळाले. उदाहरणं आता डॉकटेस्टमधून (उदाहरणातला कोड चालवून आउटपुट ताडणारं टूल) चालवून बघतो, त्यामुळे आउटपुट बदललं की लगेच कळतं.

जुन्या पानांतली फंक्शनची नावं रोलमध्ये घालायचं काम तेवढं हाताने करावं लागलं.