पावसाळी हाफ मॅरेथॉन आणि पायाचे फोड

फोड कशाने येतो हे आधी कळलं, की पुढची निम्मी धडपड वाचते. कातडी मोज्याला चिकटून जागच्या जागी बसते आणि आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. या ओढाताणीत कातडीचे वरचे थर आतल्या आत फाटतात, त्या पोकळीत पाणी भरतं. घामाने किंवा पावसाने ओलसर झालेली कातडी जास्त चिकटते, म्हणून पावसाळ्यातल्या शर्यतींत हा त्रास जास्त.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचंच बघा. यवतेश्वर घाट चढताना टाच बुटात वर-खाली होते, म्हणून टाचेला फोड. तोच घाट उतरताना पाऊल पुढे घसरतं, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. मग बोटांच्या शेंड्यांना फोड आणि काळी नखं. दोन्हींचं मूळ एकच, बुटात पाऊल पक्कं न बसणं.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. शर्यतीत घालणार तेच मोजे घालून जा. बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, काढून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण 1 सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उरली पाहिजे आणि चवडा कडेने बाहेर सांडता कामा नये. नेहमीच्या बुटापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागणं अगदी साहजिक आहे. नवा बूट थेट शर्यतीला घालणं हा हमखास फसणारा प्रकार. त्यात एक तरी 15-16 किलोमीटरची धाव आधी झालेली असावी, जमल्यास पावसातच.

मोठ्या बुटात टाच उचलली जाते असं वाटलं तर घोट्याजवळचं ते रिकामं राहणारं शेवटचं भोक वापरा. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घालून छोटा फास ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवा, खाली ओढून आवळा आणि गाठ मारा. बांधण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. चवड्यावर नाडी सैलच ठेवा, आवळायचं ते घोट्यापाशी.

कॉटनचे मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात. पॉलिएस्टर, नायलॉन किंवा मेरिनो लोकरीचे घ्या, पावलावर घट्ट बसणारे. फोड यायला सैल मोज्याची एक चुणी पुरते. बोटांच्या मध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे घालून पाहा.

फोड येण्याआधीच कातडीवर टेप लावायची तर मेडिकलमध्ये मिळणारी 2.5 सेंटिमीटर रुंदीची मायक्रोपोर, म्हणजे कागदी चिकटपट्टी पुरते. 2014 मध्ये 250 किलोमीटरची टप्प्याटप्प्याची शर्यत धावणाऱ्या 128 जणांवर अशी कागदी पट्टी तपासली गेली, तेव्हा फोडांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. पाय धुऊन पूर्ण कोरडे करा, तेल-क्रीम काही लावू नका. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा, नाहीतर ते मोज्यात अडकून उलटतात. जिथे तुम्हाला नेहमी फोड येतो तिथेच, एकही सुरकुती न पडता चिकटवा. बोटाभोवती आवळून गुंडाळू नका.

व्हॅसलिन बोटांच्या मध्ये, दर फटीत चण्याएवढं. जिथे टेप तिथे व्हॅसलिन नको, पट्टी सुटते. टाल्कम पावडरवर आमचा फार भरवसा नाही. घामाने तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. घाम रोखणारी ॲल्युमिनियम क्लोराइडची औषधंही आहेत. 1998 च्या अमेरिकी लष्करी प्रयोगात 21 किलोमीटरच्या चालीत फोड निम्म्याहून कमी झाले, पण निम्म्याहून जास्त जणांच्या पायांची आग झाली. हौशी धावकाने या वाटेला न गेलेलं बरं.

नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. टाचेचं जाड घट्टं आंघोळीनंतर वजरीने हलकेच घासा, सपाट करू नका.

धावताना एखादी जागा चुरचुरू लागली की थांबा. मोज्यातला खडा काढा, नाडी नीट करा, खिशातली पट्टी लावा. दोन मिनिटं जातील, जाऊ द्या. पाण्याच्या टेबलाशी डोक्यावर पाणी ओतताना पुढे वाका. सरळ उभं राहून ओतलेलं सगळं बुटात उतरतं.

तरीही फोड आलाच आणि लहान असेल तर हात लावू नका. मोठा, ठणकणारा असेल तर साबणाने धुवा, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला दोन टोचे मारून पाणी काढा. वरची कातडी सोलू नका, तीच खालच्या जखमेचं झाकण. वर स्वच्छ पट्टी बांधा. आत रक्त असेल तर फोडू नका. मधुमेह असलेल्यांनी मात्र सुई न उचलता थेट डॉक्टर गाठावा.